हाड जोडतं ते शरीरच

शेतात बांधावरून पाय घसरला, हातावर पडून मनगट मोडलं, की बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांत अजूनही आधी हाच प्रश्न निघतो: हाडवैद्याकडे न्यायचं की डॉक्टरकडे? हाड मात्र या दोघांपैकी कोणीच जोडत नाही. ते शरीर जोडतं. उपचार करणाऱ्यानं हाड जागेवर बसवायचं, हलू द्यायचं नाही आणि लक्ष ठेवायचं. यातलं लक्ष ठेवणं सगळ्यांत अवघड, आणि त्यातच हेळसांड झाली की हात जातो.

हाड मोडताच तिथं रक्त साकळतं. त्याच ठिकाणी नव्या पेशी गोळा होतात आणि दोन-तीन आठवड्यांत मोडलेल्या टोकांभोवती मऊ गाठ धरते. मग ती टणक होत जाते. मोठ्या माणसाचं मनगट साधारण ६ आठवड्यांत जुळतं, लहान मुलाचं त्याआधीच. नडगीला ३-४ महिने सहज लागतात. खर्रा खाणाऱ्याला याहून जास्त, कारण तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला लागणारं रक्तच कमी पोचतं.

हाड सरकलेलं असेल तर एक्स-रे बघून, भूल देऊन ते ओढून बसवतात. मग कापसाचा थर आणि त्यावर भिजवलेली प्लास्टरची पट्टी. ही पट्टी १८५२ च्या सुमारास एका डच लष्करी सर्जननं रूढ केली. भाजलेल्या जिप्समची भुकटी पाण्यानं घट्ट होताना तापते, त्यामुळे हाताला ऊब लागते, घाबरू नये. पहिले काही दिवस सूज वाढते, म्हणून आधी कच्चं प्लास्टर देतात, सूज उतरल्यावर पक्कं. ‘आजच पक्कं करा, पुन्हा चक्कर नको’ असा आग्रह कृपा करून धरू नका. खेपेला मजुरी बुडते हे खरं, पण हात त्याहून मोलाचा आहे.

पट्टी किती घट्ट असावी, कधी बदलावी, हे भान जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाला मोह, उंबर, पिंपळ यांची साल किंवा बांबू बांधायला सांगितलंय. पट्टी थंडीत ७ दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत ५ आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी बदलायची. सैल बांधली तर हाड स्थिर राहत नाही, आवळली तर सूज आणि ठणका. हाडवैद्याच्या बांबूच्या कामट्या याच परंपरेतल्या. साधी, न सरकलेली मोड त्याच्याकडेही जुळते, ती कामट्यांनी हाड स्थिर राहतं म्हणून. पण आत काय झालंय ते त्याला दिसत नाही. जखम उघडी असेल किंवा लहान मुलाचं कोपर मोडलं असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

पट्टी कोणीही बांधलेली असो, बोटं उघडी ठेवा, हलवत राहा, हात उंच ठेवा. नख दाबलं की पांढरं पडतं. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली, ती सरळ करताना असह्य कळ आली, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. रक्त अडलं की स्नायू सहा तासांच्या आसपास कायमचे मरू लागतात. रात्र असली तरी १०८ ला फोन करा, बुलढाणा किंवा खामगाव, जे जवळ असेल तिथल्या सरकारी रुग्णालयात जा आणि पट्टी आधी कापून घ्या. हाड पुन्हा बसवता येतं, मेलेला स्नायू परत येत नाही.