हळद-लसणाने बटेर खरेच लवकर वाढतात का? खाद्यातील ‘नैसर्गिक’ पुड्यांचा हिशेब समजून घ्या

‘अँटिबायोटिकमुक्त’, ‘हर्बल’, ‘१०० टक्के नैसर्गिक’. कुक्कुटखाद्याच्या दुकानात अशा पुड्या आता सहज दिसतात. बटेरपालन करणाऱ्यांनाही त्या सुचवल्या जातात. या पुड्या नेमके काय करतात आणि त्यावर केलेला खर्च परत येतो का, हे जाणून घेऊया.

बटेर म्हणजे नेमका कोणता पक्षी?

पाळला जातो तो जपानी बटेर, म्हणजेच जपानी लाव्ही. १९७४ मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संशोधन केंद्रात तो भारतात प्रथम आणला गेला. अंड्यातून १७-१८ दिवसांत बाहेर येणारे पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचे असते आणि पाच आठवड्यांत विक्रीयोग्य होते. म्हणजे वजन २० पटींहून जास्त वाढते. एकूण खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचा असल्याने खाद्यात थोडी बचत झाली तरी ती नफ्यात दिसते.

अँटिबायोटिक का नको?

कमी मात्रेत सतत अँटिबायोटिक दिल्यास आतड्यातील उपद्रवी जीवाणू दबतात आणि पक्षी लवकर वाढतात. मात्र यातून औषधाला न जुमानणारे जीवाणू तयार होतात आणि ते माणसांपर्यंत पोहोचू शकतात. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठीचा असा वापर पूर्ण बंद केला. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर रुग्णालयांत शेवटचा उपाय म्हणून हेच औषध वापरले जाते.

पर्याय कोणते आणि ते कसे काम करतात?

- लसूण : ठेचल्यावर त्यात अॅलिसिन तयार होते, ते जीवाणूंना रोखते. आधी उकळून मग ठेचलेल्या लसणात ते फारसे तयार होत नाही.
- हळद : यातील करक्युमिन रक्तात फार कमी शोषले जाते. बराचसा भाग आतड्यातच राहतो आणि तिथली दाह कमी करण्यास मदत करतो.
- शेवग्याच्या पानांची पूड : प्रथिने भरपूर, पण तंतूही असतात. प्रमाण वाढले की पक्षी खाद्य कमी खातात.
- प्रोबायोटिक : लॅक्टोबॅसिलस, बॅसिलससारखे उपयुक्त जीवाणू आतड्यात जागा धरतात, त्यामुळे उपद्रवी जीवाणूंना वाव कमी मिळतो.

मग फायदा होतोच का?

दर वेळी नाही. चाचण्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अस्वच्छ पाणी, गर्दी, उष्णतेचा ताण असेल तिथे फरक दिसण्याची शक्यता जास्त असते. उत्तम व्यवस्थापनात तो नगण्यही असू शकतो. पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात. त्याऐवजी अंड्यावरच्या कोंबड्यांचे कमी प्रथिनांचे खाद्य दिले, तर कितीही हळद टाकून वाढ भरून निघत नाही.

पैशांचा हिशेब कसा करायचा?

समजा १०० पक्ष्यांनी पाच आठवड्यांत ५० किलो खाद्य खाल्ले. किलोमागे १० ग्रॅम पूड म्हणजे अर्धा किलो. पूड २०० रुपये किलो असेल तर खर्च १०० रुपये.

आता कमाई. बटेर बहुतेक ठिकाणी नगावर विकले जातात. त्यामुळे प्रत्येक पक्षी १० ग्रॅमने वाढला तरी दर तोच राहू शकतो. पण विक्रीचे वजन दोन दिवस आधी आले तर? पक्षी दिवसाला २५ ग्रॅम खातो असे धरल्यास ५ किलो खाद्य वाचते. खाद्य ४० रुपये किलो असेल तर २०० रुपये वाचले, म्हणजे पूड परवडली. एकच दिवस वाचला तर बरोबरी. एकही नाही, तर १०० रुपये तोटा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्याकडचे दर घालून गणित करा.

घरच्या घरी चाचणी कशी घ्याल?

- एकाच दिवशीची पिल्ले न निवडता सरसकट दोन सारख्या गटांत विभागा. पूड फक्त एका गटाला द्या, बाकी सगळे सारखे ठेवा.
- खाद्य, मरतूक आणि दर आठवड्याचे वजन वहीत लिहा.
- मादी नरापेक्षा जड असते. तीन आठवड्यांनंतर नराची छाती तांबूस, तर मादीची ठिपकेदार दिसते. दोन्ही गटांतील माद्या मोजा, नाहीतर माद्यांचे वजन पुडीच्या खात्यावर जमा होईल.
- एकूण खाद्याला वाढलेल्या वजनाने भागा. आकडा जितका कमी, तितके चांगले.
- एका तुकडीवर विसंबू नका. पुढच्या तुकडीत पुन्हा तपासा.

काय टाळाल?

ओलसर, बुरशी लागलेली पूड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बुरशीचे विष यकृतावर घाव घालते. घटक आणि प्रमाण छापलेले नसेल तर ‘नैसर्गिक’ या शब्दावर भरवसा ठेवू नका. पक्षी आजारी असतील तर पुडीची वाट न पाहता पशुवैद्यकांना दाखवा. हे खाद्यपूरक आहे, औषध नाही.