मन मोकळे करण्याची जागा : समुपदेशन म्हणजे काय आणि तेथे काय घडते

दिवाळी सरली की जत तालुक्यातील अनेक वाड्यावस्त्यांवरची घरे कुलूपबंद होतात. आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुले वसतिगृहात आमच्या हवाली होतात. त्यांचे जेवण, कपडे, अभ्यास, वंदना या साऱ्यांची काळजी आपली शाळा आजवर घेत आली आहे. पण मुलाच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची रीत आम्हांला फार उशिरा उमगली. ती कशी उमगली हे या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांना सांगावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा सुट्टीहून परतला तो गप्प गप्प. ताटातले अन्न तसेच राही. डॉक्टरांनी तपासले, शरीरात काही दोष निघाला नाही. आम्ही त्याला जवळ बसवून म्हणालो, “बाबासाहेबांनी किती सोसले! ते कधी रडत बसले का? मन घट्ट कर.” हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र असा झाला, की तो उरलेसुरले बोलणेही बंद करून बसला. पुढे एका समुपदेशक भगिनीशी तो चौथ्या भेटीत बोलला. सुट्टीत गावातल्या वर्गमित्राच्या घरी त्याला वेगळ्या पेल्यातून पाणी दिले गेले होते, आणि मित्र खाली मान घालून उभा राहिला होता. आईवडील फडावर होते. आम्ही जवळ होतो, पण आम्ही तर त्याला बाबासाहेबांसमोर उभे करून लाजवले होते.

इतिहासाचे शिक्षक म्हणून ही आमची दुहेरी चूक होती. बाबासाहेबांनी आपले दुःख लपवले नाही. सातारला राहत असताना १९०१ साली सुट्टीत ते भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. सोबत जेवण होते, पण पाणी कोणी देईना; मुले उपाशी झोपली. तीसहून अधिक वर्षांनंतर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी या घटनेचा आपल्या मनावर झालेला खोल परिणाम स्वतः नोंदवला. १९२६ साली राजरत्न या मुलाच्या मृत्यूनंतर कोल्हापूरच्या दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रातही त्यांचा शोक मोकळेपणाने व्यक्त झाला आहे. दुःख बोलून दाखवणे हा दुबळेपणा असता, तर ते लिहून ठेवण्याचे धैर्य त्या महामानवाला सुचले नसते.

समुपदेशन म्हणजे हेच बोलणे, पण प्रशिक्षित माणसासमोर, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मर्यादेत. येथे तीन नावांतला फरक समजून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात. ते औषधे देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक संवादाच्या मार्गाने मदत करतात, औषध देत नाहीत. गरज भासल्यास चांगला समुपदेशक स्वतःच डॉक्टरांकडे पाठवतो.

पहिल्या भेटीत काय घडते? साधारणतः पाऊण ते एक तासाची ही भेट असते. काय त्रास होतो, कधीपासून, झोप-भूक कशी आहे, घरी कोण कोण आहे, असे प्रश्न विचारले जातात. सर्व काही पहिल्याच दिवशी सांगण्याची सक्ती नसते. भेटी किती व किती दिवसांनी, शुल्क किती, काय साधायचे आहे, हे दोघे मिळून ठरवतात. त्याच वेळी गुप्ततेचीही बोली होते. सांगितलेले बाहेर जाणार नाही, पण दोन अपवाद असतात : स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, आणि बालकावर लैंगिक अत्याचार झालेला असणे. दुसऱ्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद आधीच स्पष्ट सांगणारा समुपदेशक विश्वासास पात्र समजावा.

पुढच्या भेटींत पद्धत निरनिराळी असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आस्थेने आणि दोष न देता ऐकण्यावर भर दिला. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली धारणा उभी असते, असे ते सांगतात. दहावीत नापास होणे ही घटना. “मी नापास झालो, याचे वाईट वाटते” म्हणणारा मुलगा पुन्हा पुस्तक उघडतो. “मी नापास झालो, म्हणजे मी कवडीमोलाचा” म्हणणारा मुलगा खचतो. ही दुसरी धारणा पुराव्यावर तपासायला समुपदेशक शिकवतो, आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांत करायला लहानसा सरावही देतो.

येथे एक सावधगिरी आम्हांला फार महत्त्वाची वाटते. वेगळ्या पेल्यातून पाणी मिळाल्याचा अपमान ही त्या मुलाची चुकीची धारणा नव्हती. तो अन्याय होता. “तू मनाला लावून घेतोस” असे म्हणणारा समुपदेशक जखमेवर मीठ चोळतो. अन्यायाला अन्याय म्हणावे, आणि मग “म्हणून मीच हलका” हा त्यातून मनात रुजलेला विखार उपटावा, हा क्रम आहे. त्या भगिनीने नेमके हेच केले. जो समुपदेशक जातीचा विषय निघताच तो टाळतो, त्याला तसे स्पष्ट सांगावे. तरीही फरक पडला नाही तर बदलावा. तो आपला हक्कच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा आणि गुप्ततेचा अधिकार दिला आहे.

काय अपेक्षू नये, हेही सांगितले पाहिजे. समुपदेशक अंगारा देत नाही, भविष्य सांगत नाही, “लग्न कर” किंवा “नोकरी सोड” असा निर्णयही देत नाही. किसागोतमी मृत बाळाला घेऊन बुद्धाकडे आली तेव्हा बुद्धाने तिला उपदेश ऐकवला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरातून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरून सत्य तिचे तिलाच कळले. समुपदेशनाची वाट काहीशी अशीच आहे : चालायचे आपण, सोबत दुसऱ्याची. म्हणून एका भेटीत आराम पडेल असे समजू नये. एखाद्या भेटीनंतर जुनी जखम उघडी पडून अधिक रडूही येते. पालकांनी अशा वेळी घाबरून भेटी बंद करू नयेत; तो त्रास पुढच्या भेटीत समुपदेशकाला सांगू द्यावा. आणि मूल खोलीतून बाहेर येताच “काय काय बोललास?” म्हणून खोदून विचारू नये.

आपल्या भागात अजूनही मूल गप्प झाले की आधी देवऋषीकडे नेले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते, हे दुःखाने नमूद करतो. त्यात मोलाचे महिने जातात. प्रत्यक्ष भेटीसाठी सांगली-मिरजेला जाणे हे मजुरी बुडवणारे असते, हे आम्ही जाणतो. निदान एक दूरध्वनी करावा. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. मात्र मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये आणि थेट दवाखाना गाठावा. “बोलणारा करत नाही” हा समज घातक आहे. त्यात कलंक वा गुन्हा मानण्याचेही कारण नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच धरले जावे, असे २०१७ चा तोच कायदा सांगतो.

तो मुलगा पुढे दहावी होऊन गेला. जाताना त्याने आम्हांला वंदन केले. आम्हांला मात्र त्याची क्षमा मागायची होती, ती त्या दिवशी मागितली. तो एवढेच म्हणाला, “सर, तुम्ही बाबासाहेबांचं सांगितलंत, पण मसूरचं नाही सांगितलंत.” तेव्हापासून दरवर्षी ७ नोव्हेंबरला, म्हणजे बाबासाहेबांच्या सातारच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी, आम्ही आठवीच्या वर्गात मसूरची हकीकत सांगतो आणि थांबतो. कोणीतरी मुलगा हळूच हात वर करतो. मग उपदेश बाजूला ठेवून आम्ही ऐकायला बसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!