ब्रोशरमधले घर आणि करारातले घर

ज्यांची हयात बीडीडी चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, नाहीतर चेंबूर-घाटकोपरच्या वस्त्यांत गेली, त्यांची मुले आज कल्याणच्या पुढे घर शोधत आहेत. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ आणि दुसऱ्या बाजूला टिटवाळा. रविवार उजाडला की बापाचा प्रॉव्हिडंट फंड, आईचे दागिने आणि मुलाची सॅलरी स्लिप यांची बेरीज करीत अख्खे कुटुंब साईट ऑफिसवर जाते. तेथे थंडगार हवेत बसवून चहा देतात आणि टेबलावर दोन-तीन गुळगुळीत कागद पसरतात. ए विंग, बी विंग. हा वन बीएचके, तो वन बीएचके. साहेब, कुठला पसंत करता?

पिढ्यान् पिढ्या ज्यांना गावकुसाबाहेर जागा दाखवली गेली आणि ती निमूटपणे घ्यावी लागली, त्यांना प्रथमच कोणी तरी ‘कुठला पसंत करता’ म्हणून विचारीत आहे. या प्रश्नाचा आनंद आम्ही समजू शकतो. पण याच आनंदात माणूस टोकनचा चेक फाडून देतो आणि वीस वर्षांचे कर्ज गळ्यात घालून घेतो. वकील म्हणून आमच्यासमोर जे कागद येतात ते बहुधा चेक दिल्यानंतर येतात. म्हणून चेक देण्यापूर्वीचा हा लेख.

प्रथम आकडा समजून घ्या. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात ६२० चौरस फूट लिहिलेले असते. ते असते ‘सेलेबल’ किंवा ‘सुपर बिल्टअप’. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी, क्लब हाऊस, वॉचमनची केबिन असे सगळ्यांचे थोडे थोडे तुमच्या नावावर लावलेले असते. कायद्याला हा आकडा मान्य नाही. स्थावर संपदा अधिनियम २०१६, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याच्या कलम २ मध्ये कार्पेट एरियाची व्याख्या आहे. घरातली प्रत्यक्ष वापरायची जमीन, आतल्या भिंतींसह. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून. त्याआधी महाराष्ट्रात १९६३ चा मोफा कायदा होता, त्यात बाल्कनी कार्पेटमध्ये धरली जात होती. त्यामुळे जुन्या इमारतीतल्या मावशीच्या घराचा कार्पेट आणि आज तुम्हाला सांगितला जाणारा कार्पेट यांची तुलना करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

आता एक हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण असेच कागद रोज पाहायला मिळतात. ए विंगचे घर ६२० फूट, दर ६ हजार, किंमत ३७ लाख २० हजार. बी विंगचे घर ५६० फूट, दर ६ हजार ४००, किंमत ३५ लाख ८४ हजार. कोणीही म्हणेल, ए विंग मोठे आणि दर स्वस्त. आता मंजूर नकाशातला कार्पेट पाहा. तो चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणायचे. ए विंगचे ३६ मीटर म्हणजे ३८७ फूट. बी विंगचे साडेसदतीस मीटर म्हणजे ४०३ फूट. म्हणजे ‘लहान’ घर १६ फुटांनी मोठे निघाले! आणि खरा दर? ए विंगमध्ये फुटाला ९ हजार ६००, बी विंगमध्ये सुमारे ८ हजार ८८०. स्वस्त वाटलेले घर फुटामागे सातशे रुपयांनी महाग. आठवी शिकलेल्या माणसालाही जमणारा हा भागाकार आहे. पण साईट ऑफिसच्या टेबलावर तो कोणी करून दाखवीत नाही.

एवढ्यावर थांबू नका. त्या ३८७ फुटांत राहण्याजोगे किती, ते पाहा. काही नकाशांत दार उघडले की सरळ बोळ सुरू होतो. हॉलमधून बेडरूमपर्यंत साडेतीन फूट रुंद आणि अकरा फूट लांब. तेथे ना खाट टाकता येते, ना कपाट. हा बोळ साडेअडतीस फुटांचा झाला. ९ हजार ६०० च्या दराने त्याचे ३ लाख ७० हजार होतात. येण्याजाण्याच्या वाटेला एवढे पैसे मोजायचे का, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे.

मग खोल्यांची मापे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दोन खोल्यांच्या घरात एक खोली निदान साडेनऊ चौरस मीटरची आणि दुसरी निदान साडेसात मीटरची असावी लागते. स्वयंपाकघर पाच मीटर, तेथेच जेवायचे असेल तर साडेसात. स्थानिक नियमांत थोडाफार फरक असतो, तो नगरपालिकेत विचारून घ्यावा. नऊ बाय दहाची बेडरूम म्हणजे ८.३६ मीटर. नियमात बसते, पण सहा फुटी डबलबेड टाकला की कपाटाचे दार उघडायला जागा राहत नाही. ब्रोशरमध्ये मात्र त्याच खोलीत बेड, दोन बाजूंना दोन टेबले, कपाट आणि कोपऱ्यात झाडाची कुंडी असते. कारण चित्रातला बेड पाच फुटांचा काढलेला असतो. ही चलाखी पकडायला पट्टी पुरते. नकाशावर खोलीची लांबी मोजा, बेडची लांबी मोजा, प्रमाण काढा. सॅम्पल फ्लॅटमध्येही फर्निचर मुद्दाम बारीक बनवतात, आतली दारे काढून टाकतात आणि एका भिंतीला आरसा लावतात. सॅम्पल फ्लॅट दाखवून फसवले तर रेराच्या कलम १२ खाली दाद मागता येते. त्यासाठी त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ब्रोशर तर कधीच फेकू नका.

बायकांना नकाशा पाहायला बसवा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. पुरुष मंडळी हॉलची रुंदी आणि टीव्हीची भिंत पाहून खूश होतात. ओटा किती फुटांचा, सिलिंडर कुठे राहील, भांडी घासायची मोरी कुठे, एक दिवसाआड पाणी आले तर पिंप ठेवायला जागा आहे का, चार महिने पावसाळ्यात कपडे कुठे वाळवायचे, हे ज्या बाईला रोज करावे लागते तीच विचारते. संडासाचे दार स्वयंपाकघराच्या समोर उघडते की नाही, हेही तीच पाहते.

आणखी एक गोष्ट शोधायची, खिडकीला लागून एका टेबलाची जागा. बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत राहून शिकले, लिहीत राहिले. आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले तेव्हा त्यात पुस्तकांसाठी जागा आखूनच बांधले. आपल्या घरात एखादी मुलगी दहावीला असते, एखादा मुलगा स्पर्धा परीक्षेला बसलेला असतो. टीव्हीच्या आवाजापासून दूर, उजेडाचा चार बाय दोनचा कोपरा ज्या नकाशात निघतो तो नकाशा आम्ही वरचढ मानतो, मग त्याचा हॉल फूटभर लहान का असेना.

ब्रोशरमध्ये ‘वास्तुप्रमाणे’ हा शब्द हमखास असतो, आणि हॉलच्या कोपऱ्यात तीन बाय दोनचा देवघराचा कोनाडा. सहा फूट झाले, त्यांचा दरही लावलेलाच आहे! ज्यांना हवे त्यांनी घ्यावे. आम्ही दिशा वेगळ्या कारणासाठी पाहतो. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो आणि दुपारचे ऊन पश्चिमेकडून. पश्चिमेच्या उघड्या भिंतीला बेडरूम असेल तर मे महिन्यात भिंत रात्री दहापर्यंत तापलेली राहते आणि जुलैत तीच भिंत ओल धरते. समोरासमोर खिडक्या असल्या तर वारा खेळतो. नकाशावर उत्तरेचा बाण असतो, तो पाहावा.

आता मुख्य मुद्दा. टेबलावरचा कागद हा नकाशाच नव्हे. नकाशा म्हणजे नगरपालिकेने किंवा महापालिकेने मंजूर करून शिक्का मारलेला. तो पाहण्याचा हक्क कलम १९ ने तुम्हाला दिला आहे, आणि महारेराच्या नोंदणी क्रमांकावर तो संगणकावर पाहायला मिळायला हवा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. मुंबईत एके काळी ‘फ्लॉवर बेड’ म्हणून मंजूर झालेली जागा खोलीत घेऊन विकली जात असे. २०१२ च्या जानेवारीत नियम बदलले तेव्हा त्या फुकटच्या एफएसआयला आळा बसला. पण युक्त्या संपत नाहीत. मंजूर नकाशात दोन स्वतंत्र छोटी घरे असतात आणि ब्रोशरमध्ये मधली भिंत काढून ती एक टू बीएचके झालेली असतात. मग दोन मीटर, दोन करपावत्या आणि कर्ज देताना बँकेचे आढेवेढे.

शिक्क्यावरही डोळे मिटून विश्वास टाकण्याचे दिवस राहिले नाहीत. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. ते काम २०२५ च्या आरंभी संपले. त्या घरांत राहत होते ते तुमच्या-आमच्यासारखेच, हप्ते भरणारे लोक. म्हणून परवानगीचा क्रमांक घेऊन नगररचना विभागात एक खेप मारायची, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा आणि त्या सर्व्हे नंबरवर विकास आराखड्यात कोणते आरक्षण आहे ते विचारायचे. एक दिवसाची रजा खर्ची पडेल, पडू द्या.

बदलापूरच्या बाजूला घेणाऱ्यांनी उल्हास नदीची पूररेषाही विचारावी. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते पाणी कोणत्या शिवारातून आले होते? ब्रोशरमध्ये त्याच नदीला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणतात आणि फुटामागे जादा पैसे घेतात.

पैशांबाबत दोन गोष्टी. करार नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला कलम १३ ने बिल्डरला मनाई आहे. आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून जीएसटीचे दोन दर आहेत. मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. दोन टू बीएचकेंची तुलना करताना एक ५९ मीटरचे आणि दुसरे ६१ मीटरचे असेल, तर ४४ लाखांच्या घरावर पहिल्यास ४४ हजार आणि दुसऱ्यास २ लाख २० हजार कर बसतो. दोन मीटरसाठी पावणेदोन लाख! पार्किंगचेही तसेच. उघड्यावरची आणि स्टिल्टमधली पार्किंगची जागा वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रकरणात २०१० साली मोफा कायद्याखाली ठरवले. रेराखालीही उघडी पार्किंग सामाईकच आहे. तिचे दोन लाख कोणी मागितले तर पावती मागावी. पावती मिळणार नाही.

थोड्या मोठ्या घरांच्या नकाशांत आणखी एक चौकोन दिसतो, ‘सर्व्हंट टॉयलेट’. घराबाहेरून दार, जिन्याच्या कडेला, बिनखिडकीचे. आणि दोन लिफ्ट असतील तर एक कामवाल्यांची. आपल्याच वस्तीतल्या भगिनी त्या घरांत भांडी घासतात. स्वयंपाकघरात त्यांचा हात चालतो, संडासात पाऊल चालत नाही! नकाशा काढणाऱ्याने ही रेघ नकळत काढलेली नसते. आपल्यातल्या ज्यांना आता अशी घरे परवडू लागली आहेत, त्यांनी त्या चौकोनावरून विचारावे.

घर पसंत पडूनही ते मिळेलच असे नाही. बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज काठी लागत नाही. आडनाव विचारून ‘तो फ्लॅट बुक झाला’ म्हणतात, किंवा ‘ही व्हेज सोसायटी आहे’ म्हणतात. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ च्या कलम ४ मध्ये राहण्याची जागा घेण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा आणणे हा गुन्हा आहे. पण कारण सिद्ध कोण करणार? आणि एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झोरास्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात वैध ठरवला आहे. म्हणून नकाशाबरोबर कराराचा मसुदाही आधी मागा आणि खाण्यापिण्याविषयी, भाडेकरूंविषयी, सभासदत्वाविषयी काही ओळ घुसवली आहे का ते वाचा. नवीन प्रकल्पात एक सोय असते, सोसायटी अजून बनायची असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ५१ टक्के घरे बुक झाल्यापासून तीन महिन्यांत ती बनवण्यासाठी बिल्डरने अर्ज करायचा असतो. उपविधी मंजूर होण्याच्या त्या पहिल्या सभेला आपला माणूस हजर पाहिजे.

करार झाल्यावर तुमच्या घराचा नकाशा तुमच्या संमतीविना बदलता येत नाही आणि इमारतीच्या किंवा आवाराच्या आराखड्यात बदल करायला दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. हे कलम १४. करारावर सही घेतानाच ‘पुढील सर्व बदलांस माझी संमती आहे’ असे एखाद्या पानावर छापलेले असते, ते खोडायला सांगा. ताबा घेताना किल्लीबरोबर मोजपट्टीही न्या. कराराच्या नमुन्यात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला आहे; कार्पेट कमी भरला तर जादा घेतलेली रक्कम ४५ दिवसांत व्याजासह परत मिळायची असते. प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन ठिकाणी मोजा, कागदावर लिहा आणि त्या कागदावर साईट इंजिनीअरची सही घेतल्याशिवाय ताबापावतीवर स्वतःची सही करू नका.