१६ अँपिअरचा एमसीबी शॉकपासून का वाचवत नाही?

भोसरीतलं छोटं वर्कशॉप असो की चाकणमधली भाड्याची खोली, डीबी उघडलीत तर एमसीबीवर १६ किंवा ३२ असा आकडा दिसेल. तो अँपिअरमध्ये असतो. शेजारी ईएलसीबी असेल तर त्यावर बहुतेक वेळा ३० एमए, म्हणजे ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. आकडा मोठा दिसतो, पण करंट कितीतरी लहान आहे.

हिशेब सोपा आहे. १ अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर. मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे तर १००० ने भागा. ३० एमए म्हणजे फक्त ०.०३ अँपिअर, आणि १६ अँपिअर म्हणजे १६,००० एमए. मायक्रोअँपिअर त्याहून हजारपट लहान.

कारखान्यात दोन्ही एककं रोज भेटतात. ५ एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. त्याच मशीनचा सेन्सर मात्र पीएलसीला ४ ते २० एमएचा सिग्नल पाठवतो. १२ एमए आला, तर रीडिंग बरोबर अर्ध्यावर. (सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का? शून्य आला की वायर तुटली हे लगेच कळावं म्हणून.)

आता शॉकचं बघू. शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला करंट होतो २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर किंवा २३० एमए. साधारण १ एमएला मुंग्या येतात, १० एमएच्या आसपास हात वायरला चिकटून राहू शकतो आणि ३० एमएच्या पुढे, करंट किती वेळ वाहतो त्यानुसार, श्वास आणि हृदयाला धोका असतो. २३० एमए जीव घेऊ शकतो. पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ०.२३ म्हणजे काहीच नाही. तो पडणारच नाही, कारण त्याचं काम वायर जळू न देण्याचं आहे.

माणसासाठी ईएलसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० एमएचा फरक पडला की तो सप्लाय तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर मात्र त्यालाही फरक कळत नाही. त्यावरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. सप्लाय गेला नाही तर वायरमनला बोलवा. बाजारात १०० आणि ३०० एमएचेही ईएलसीबी मिळतात. ते लीकेजमुळे लागणारी आग टाळायला उपयोगी आहेत, पण खोलीतल्या माणसासाठी ३० एमए किंवा त्याहून कमीचाच घ्या.