आधी माणूस मोजा, मग गादी

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा, सगळीकडून आलेल्या मंडळींचं स्वागत. आज बोलायचं आहे व्हीलचेअरवरच्या गादीबद्दल. विषय लहान वाटेल. पण झाडावरून पडून ज्याच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली, त्याला गादी टोचते हे कळतच नाही. आपण बसल्या बसल्या सहज कूस बदलतो. त्याला तो इशाराच मिळत नाही. बसायच्या दोन हाडांखाली कातडी दबते, तिथे रक्त पोचत नाही आणि जखम होते. ती भरायला महिने लागतात, चिघळली तर जिवावर बेतते.

बहुतेक घरी गादी आणतात ती खुर्ची मोजून. आम्ही म्हणतो, आधी माणूस मोजा. तोही बसलेला. कडक बाकावर सरळ बसवा, पाय टेकलेले, मागून एकाने आधार द्यावा.

पहिलं माप रुंदीचं. कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक पुस्तक उभं धरा आणि मधलं अंतर मोजा. टेप अंगाभोवती गुंडाळायचा नाही. समजा 36 सेंटिमीटर आलं, तर बैठक तेवढीच हवी. खुर्ची 46ची मिळाली असेल तर माणूस एका बाजूला कलतो, सगळा भार एकाच हाडावर येतो. मग गादी खुर्चीच्या रुंदीची ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही. आणि तिच्यावर दोन्ही बाजूंना 5-5 सेंटिमीटरचा घट्ट फोम लावा.

दुसरं, कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत. त्यातून 3 ते 6 सेंटिमीटर वजा करा. 45 आले तर गादी साधारण 40. दोन्ही पाय मोजा, कमी भरेल ते माप धरा.

तिसरं, गुडघ्यामागून टाचेपर्यंत, नेहमीची चप्पल घालून. दबलेल्या गादीपासून पायपट्टीपर्यंत अंतर तेवढंच हवं. नवी गादी टाकली की माणूस उंच होतो, म्हणून पायपट्टीही वर घ्यावी लागते. ती फार वर गेली तर गुडघे उचलले जातात आणि भार पुन्हा हाडांवरच येतो.

आता परीक्षा. त्याला विचारून, तळहात वर करून, बोटं हाडाखाली सरकवा. बोटांची टोकं निदान 5 मिलिमीटर वरखाली हलली, तर गादी ठीक. हलत नाहीत पण बोटं सहज निघतात, तर सावध व्हा. बोटं चिमटली, ओढून काढावी लागली, तर ती गादी चालणार नाही. मापं बरोबर असली तरी नाही! दोन्ही बाजू तपासा.

चांगल्या गादीवरही दर 20-30 मिनिटांनी पुढे वाकून 2 मिनिटं भार उतरवायचाच. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. रेक्झिनखाली घाम साचतो, ओली कातडी लवकर फाटते. रोज रात्री आरसा धरून पाहा. सावळ्या अंगावर लाली दिसेलच असं नाही. काळसर, गरम किंवा कडक डाग शोधा. असा डाग दिसला तर तो जाईपर्यंत त्या जागेवर बसवू नका, आणि दवाखान्यात दाखवा.

आणि हो, फोम बसत जातो. आज पास झालेली गादी काही महिन्यांनी नापास होते. बोटांची परीक्षा महिन्याला एकदा घ्या. टेप तर प्रत्येक घरात सापडेल. आता दोघादोघांनी पुढे या, बाक मांडलेले आहेत.