बाळाला धाप लागली तर अंगारा नको, श्वास मोजा

तान्ह्या बाळाची सर्दी बहुधा विषाणूमुळे होते. आरएसव्हीसारखा विषाणू फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांत उतरला की त्या आतून सुजतात, चिकट स्राव साचतो. बाळाच्या नळ्या मुळातच अरुंद, म्हणून थोड्या सुजेनेही श्वास अडतो. हाच ब्रॉन्किओलायटिस. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही; मेडिकलमधून परस्पर औषध आणू नका.

बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, ओठ निळे पडणे, यांतले एकही लक्षण दिसले तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठा.

वस्तीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला एवढे मोजता आलेच पाहिजे.