रायफलीच्या तोंडाशी काय जोडावे आणि का

50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो आणि पॉइंट टू-टूच्या गोळीचा सुमारे 5.6 मिलिमीटर. दशांश गुणांच्या हिशेबात नेम मध्यबिंदूपासून 0.8 मिलिमीटर सरकला की गुणाचा एक दशांश जातो. म्हणजे 10.9 आणि 10.0 यांच्यात जेमतेम आठ मिलिमीटरचे अंतर असते. 1 ऑगस्ट 2024 रोजी शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनचे ऑलिंपिक कांस्य जिंकले, ते याच मोजमापात 451.4 गुण मिळवून. त्याआधी 2010 मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेती झाली होती. मिलिमीटरचा असा हिशेब असलेल्या खेळात नळीच्या तोंडाशी जोडायच्या वस्तूंबद्दल उत्सुकता असणारच. ट्यूब, वजने आणि ट्यूनर यांची नावे मात्र एका दमात घेतली जातात, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. या वस्तूंची कामे वेगवेगळी आहेत.

गोळी बाहेर पडते तेव्हा

सामन्याच्या दर्जाची पॉइंट टू-टू गोळी साधारण 2.6 ग्रॅम वजनाची, शिशाची असते आणि सेकंदाला 320 ते 330 मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित हळू, बाहेर पडते. नळीतला तिचा प्रवास अडीच-तीन मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात नळी शांत नसते. फायरिंग पिनचा आघात, दारूच्या वायूचा दाब आणि रायफलीचा मागचा झटका यांनी ती थरथरते, आणि तिचे मोकळे टोक सर्वांत जास्त हलते. गोळी बाहेर पडताना ते टोक कोणत्या कोनात आहे, त्यावर ती कुठे लागणार हे बऱ्याच अंशी ठरते.

गोळीच्या मागोमाग वायू सुटतो. नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूने जरी खराब असली तरी तो वायू गोळीच्या बुडावर तिरका आदळतो आणि गोळी डगमगत निघते. क्राउन खराब असेल तर पुढे काहीही जोडून उपयोग नाही. आधी ती गनस्मिथकडून नीट करून घ्यावी.

ट्यूब

ट्यूब म्हणजे नळीच्या पुढे लावलेली पोकळ नळी. तिचा आतला व्यास गोळीपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे गोळी तिला स्पर्शही करत नाही. ती गोळीला वेग देत नाही की दिशाही देत नाही. तिचा मोठा फायदा आहे तो नेम धरताना.

फोरसाइट ट्यूबच्या टोकावर गेली की पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर वाढते. समजा हे अंतर 80 सेंटिमीटर आहे आणि डोळ्याने नेम जुळवण्यात 0.1 मिलिमीटरची चूक केली. 50 मीटरवर ती 6.25 मिलिमीटरची होते. अंतर 100 सेंटिमीटर केले तर तीच चूक 5 मिलिमीटरवर येते. खेळाडूच्या हातात काही नवे आलेले नाही, फक्त चूक कमी मोठी होऊन लक्ष्यावर पोहोचते. बॅकसाइटच्या एका क्लिकने गोळी पूर्वीपेक्षा कमी सरकते हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. वाऱ्यासाठी क्लिक मोजायची जुनी सवय इथे फसवते. फोरसाइटची रिंगही डोळ्याला लहान दिसू लागते, म्हणून ती पुन्हा निवडावी लागते.

पॉइंट टू-टूमधली दारू नळीच्या पहिल्या भागातच जळून संपते. म्हणून नळी आखूड ठेवून पुढे ट्यूब लावली तर वेगात फारसे नुकसान होत नाही आणि गोळी लवकर बाहेर पडते. ट्रिगर दाबल्यानंतर शरीर जितका कमी काळ रायफल हलवू शकेल तितके बरे, आणि उभ्याने मारताना हे विशेष जाणवते.

आंतरराष्ट्रीय नियमांत फोरसाइट रायफलीच्या दिसणाऱ्या तोंडापुढे जाता कामा नये, ट्यूबला भोके चालत नाहीत, मझल ब्रेकला, म्हणजे वायू बाजूला वळवून झटका कमी करणाऱ्या भागाला, बंदी आहे आणि सगळे सामान धरून रायफल 8 किलोच्या आत असावी लागते. मझल ब्रेकच्या बंदीचे दुःख करण्याचे कारण नाही. या काडतुसाचा वायू आणि झटका दोन्ही इतके थोडे असतात की त्याला करण्यासारखे काम उरत नाही.

वजन

पुढे वजन वाढवले की रायफलीचे टोक सहजासहजी वळत नाही. स्टँडिंगमध्ये डोलणे संथ होते. नीलिंगमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, तोल पुढच्या हातावर येतो. प्रोनमध्ये स्लिंग, म्हणजे दंडाला बांधलेली पट्टी, आधीच रायफल धरून ठेवते, त्यामुळे फरक कमी पडतो. किती वजन हे ज्याच्या त्याच्या खांद्यावर आणि कंबरेवर अवलंबून आहे. शेवटच्या दहा शॉटना हात थकत असेल, तर पहिल्या दहांत मिळालेली स्थिरता परवडत नाही.

फिनलंड किंवा न्यूझीलंडमध्ये शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. अचूकतेच्या दृष्टीने तेही एक वजनच: बसवले की गोळी लागण्याची जागा बदलते, आणि झिरो, म्हणजे साइटची जुळणी, नव्याने करावा लागतो.

ट्यूनर

ट्यूनर हे पुढे-मागे सरकवता येणारे वजन आहे. ते सरकवले की नळीच्या थरथरीची गती बदलते. मला ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते, आणि सर्वांत जास्त गैरसमजही हिच्याबद्दलच आहेत.

एकाच डब्यातल्या काडतुसांचा वेग अगदी सारखा नसतो. 330 मीटर वेगाची गोळी 50 मीटरपर्यंत पोहोचताना सुमारे 11 सेंटिमीटर खाली येते, आणि 320 मीटर वेगाची सुमारे 12. हवेचा विरोध बाजूला ठेवला तरी फरक सात मिलिमीटरच्या आसपास येतो. खेळाडूने काहीही न चुकता 10.9 चा शॉट 10.1 होऊ शकतो.

सीमारेषेवरून हळू फेकलेला चेंडू यष्टिरक्षकाकडे पोहोचायला थोडा वर फेकावा लागतो, तसेच इथे घडवायचे असते. हळू गोळी नळीतून किंचित उशिरा निघते. तो उशीर मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही नसतो. त्या अवधीत नळीचे तोंड वर जात असेल, तर हळू गोळी थोड्या वरच्या कोनात सुटते आणि वेगवान गोळी थोड्या खालच्या. दोघी 50 मीटरवर एकाच उंचीला येतात. ट्यूनरने साधायचे असते ते तोंड वर जाण्याच्या गतीचा आणि गोळी सुटण्याच्या क्षणाचा हा मेळ. लष्करी ली-एनफिल्ड रायफलींत असा मेळ लांब पल्ल्यावर आपोआप जमत असे, हे ब्रिटिश नेमबाजांना फार पूर्वी ठाऊक होते.

मर्यादाही यातूनच निघतात. हा मेळ एकाच अंतरासाठी असतो: 50 मीटरला जमलेला 100 मीटरला जमेलच असे नाही. तो उभ्या विखुरण्यावर काम करतो. वाऱ्याने गोळी डावीकडे गेली, तर ट्यूनरचा त्याच्याशी संबंध नाही. काडतुसांचा लॉट, म्हणजे एकत्र बनलेला साठा, बदलला की जुने सेटिंग पुन्हा तपासावे लागते. आणि वेगात मुळातच फार कमी फरक असलेला लॉट हाती असेल, तर ट्यूनरला सुधारण्यासारखे थोडेच उरते.

खात्री कशी करावी

ट्यूनर दहा जागी फिरवून प्रत्येक जागी पाच शॉट मारले, की एक ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, बाकीच्यांपेक्षा लहान येणारच. काहीही न बदलता दहा ग्रुप मारले असते तरी आला असता. त्या एका ग्रुपवर विश्वास ठेवून सेटिंग पक्के करणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. प्रत्येक सेटिंगला दहा-दहा शॉटचे निदान तीन-चार ग्रुप मारावेत, सेटिंगे आलटून-पालटून घ्यावीत, वारा पडलेला असताना किंवा बंदिस्त रेंजवर मारावे, आणि उभा-आडवा पसारा वेगळा मोजावा. ट्यूनरने काम केले असेल तर उभा पसारा घटेल. आडवाच घटला, तर श्रेय वाऱ्याला द्यावे.

क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेली रायफल खांद्यावरच्या रायफलीसारखी थरथरत नाही. म्हणून लॉटची निवड क्लॅम्पवर करावी, पण ट्यूनरचा शेवटचा निकाल स्लिंग लावून प्रोनमध्येच घ्यावा.

हातात पैसे मर्यादित असतील, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलामुलींच्या ते असतातच, तर आधी चांगल्या लॉटची काडतुसे एकदम घेऊन ठेवावीत, मग ट्यूबचा विचार करावा आणि ट्यूनर सर्वांत शेवटी. जे काही जोडाल त्याचा स्क्रू सैल राहता कामा नये: डुगडुगणारी ट्यूब नसलेल्या ट्यूबपेक्षा वाईट. शिशाचा आणि वंगणाचा थर ट्यूबच्या आत साचत राहतो, तो नळीबरोबरच पुसावा. आणि पुसण्यासाठी काढलेली ट्यूब परत बसवली की सामन्याआधी झिरो पुन्हा तपासावा.